तक्त्यांचा आराखडा कोणी ठरवावा?

नगरवाचनालयाच्या कचेरीतील सभासदांची जुनी वही आपणांपैकी पुष्कळांनी पाहिलेली असेल. पानावर उभ्या रेघा मारून रकाने पाडलेले असतात : अनुक्रमांक, नाव, पत्ता, अनामत, वर्गणी, शेरा. रेघा एकदा मारल्या की पुढे वीस वर्षे कारकून बदलतात, चिटणीस बदलतात, शाईचा रंग बदलतो. रकाने मात्र तेच राहतात. वर्गणीच्या रकान्यात कोणी पत्ता लिहीत नाही. अनामतीचा रकाना आता नको, म्हणून कोणी पाने फाडूनही टाकीत नाही. कारण त्या पानांवर लोकांचे पैसे लिहिलेले असतात. ही शिस्त आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की रेघा मुळात कोणी मारल्या, हा प्रश्न आपल्या मनात येतच नाही.

आता ती वही संगणकात गेली आहे. बँकेचे खाते, विजेचे बिल, रुग्णालयातला केसपेपर, जमिनीचा सातबारा, या सर्वांच्या मागे अशाच रकान्यांचे तक्ते आहेत. तक्ते कोणते, प्रत्येकात रकाने कोणते, कोणत्या रकान्यात अंक यावयाचे आणि कोणत्यात अक्षरे, कोणता रकाना रिकामा सोडता येणार नाही, एका तक्त्याचा दुसऱ्याशी संबंध काय, या सर्व ठरावाला आराखडा म्हणू. जाणकार त्याला स्कीमा म्हणतात. आमचा आजचा प्रश्न एवढाच आहे की या वहीच्या रेघा कोणी मारावयाच्या? माणसाने विचार करून, की प्रोग्रॅमने आपला आपण? प्रश्न वरवर पाहता कारागिरांच्या आपसांतला वाटतो. परंतु वहीत ज्यांची नावे आहेत त्यांचाही त्याच्याशी संबंध आहे, म्हणून तो या व्यासपीठावर आणण्याचे धाडस आम्ही करीत आहो.

माहिती तक्त्यांत मांडावी हा विचार संगणकाच्या जगात तसा १९७० सालचा. एडगर कॉड हे आयबीएम कंपनीच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत काम करीत असताना त्यांनी त्या वर्षी यासंबंधी एक निबंध प्रसिद्ध केला. त्यापूर्वी माहितीचे साठे झाडाच्या फांद्यांसारखे किंवा जाळ्यासारखे रचलेले असत. हवी ती नोंद काढावयाची तर कोणत्या फांदीवरून कोणत्या फांदीवर जावयाचे हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला ठाऊक असावे लागे, आणि साठ्याची रचना बदलली की त्यावर चालणारे प्रोग्रॅम मोडत. कॉड यांचे म्हणणे असे की माहिती साध्या तक्त्यांत ठेवावी, दोन तक्त्यांमधला संबंध त्यांत लिहिलेल्या क्रमांकांवरूनच कळावा, आणि यंत्राच्या पोटात ती कशी रचली आहे याची काळजी वापरणाऱ्याला पडू नये. चार वर्षांनी त्याच कंपनीतील डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी तक्त्यांना प्रश्न विचारण्याची एक भाषा तयार केली. तीच पुढे एसक्यूएल या नावाने सर्वत्र पसरली आणि १९८६ साली अमेरिकेत तिचे प्रमाणरूप ठरले. तेव्हापासून प्रोग्रॅम लिहिण्याच्या कितीएक भाषा आल्या आणि मागे पडल्या. तक्ता मात्र आपल्या जागी आहे. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण पुढे तिच्यावर बरेच अवलंबून आहे.

प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांची दुनिया याच काळात दुसऱ्या दिशेने निघाली होती. साठीच्या दशकात नॉर्वेमध्ये सिम्युला नावाची भाषा निघाली, नंतर अमेरिकेत स्मॉलटॉक, आणि १९९५ साली जावा. या भाषांत सगळा कारभार ‘ऑब्जेक्ट’ नावाच्या घटकांचा असतो. वाचनालयाचा सभासद हा एक ऑब्जेक्ट. त्याचे नाव आणि पत्ता त्याच्याजवळ, त्याने नेलेली पुस्तके त्याच्या हातात, आणि ‘वर्गणी भर’, ‘पुस्तक परत कर’ असे सांगितले की ते काम त्याला येते. अशा ऑब्जेक्टमध्ये काय काय असावयाचे याचा जो नमुना प्रोग्रॅममध्ये लिहिलेला असतो त्याला ‘क्लास’ असे नाव आहे. तक्त्याची तऱ्हा याहून निराळी. सभासदाच्या ओळीत त्याची पुस्तके मावत नाहीत. ती देवघेवीच्या वेगळ्या तक्त्यात असतात आणि तेथे सभासदाचा फक्त क्रमांक लिहिलेला असतो. एका जगात माणूस पुस्तके हातात घेऊन उभा आहे. दुसऱ्या जगात एक क्रमांक दुसऱ्या क्रमांकाकडे बोट दाखवीत आहे.

या दोन जगांमध्ये सतत भाषांतर करीत बसणे हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचे मोठे कंटाळवाणे काम होते. ऑब्जेक्ट घ्यावयाचा, त्याचे तुकडे करून रकान्यांत भरावयाचे. पुन्हा हवा झाला की रकान्यांतून वेचून उभा करावयाचा. हे काम करणारा एक दुभाष्या असावा म्हणून जी साधने निघाली त्यांना ऑब्जेक्ट-रिलेशनल मॅपिंगची साधने म्हणतात. जावासाठी गॅव्हिन किंग यांनी २००१ साली सुरू केलेले हायबरनेट हे त्यांतले फार वापरले गेलेले साधन. मायक्रोसॉफ्टच्या बाजूला एंटिटी फ्रेमवर्क, रुबी भाषेत रेल्स, पायथनमध्ये जँगो, अशी त्याची भावंडे आहेत. २००६ साली जावाच्या जगात या कामाचा एक सामाईक नियमग्रंथही तयार झाला. या साधनांनी लोकांचे कष्ट खरोखरच वाचविले आहेत. त्यांच्याविषयी आमची तक्रार नाही.

परंतु दुभाष्याला दोन्ही भाषा येऊ लागल्या की तो हळूहळू कारभारही पाहू लागतो. क्लास कसा आहे हे साधनाला कळते. मग त्या क्लासला शोभेल असा तक्ताही त्यालाच करू द्या की! नाव अक्षरांचे, म्हणजे अक्षरांचा रकाना. अनामत अंकांची, म्हणजे अंकांचा रकाना. प्रोग्रॅम सुरू होताना साधनाने सर्व क्लास वाचावेत, डेटाबेसला आज्ञा द्याव्यात आणि तक्ते तयार! हायबरनेटमध्ये यासाठी एक कळ ठेवलेली आहे. तिचे मुख्य ठाव पाच, आणि मजकुरातला एक शब्द बदलला की कळ फिरते.

पहिला ठाव ‘नन’, म्हणजे काही करू नकोस. दुसरा ‘व्हॅलिडेट’. त्यात साधन तक्ते नुसते तपासते. प्रोग्रॅमला हवा तो तक्ता किंवा रकाना नसेल, अथवा रकान्याची जात जुळत नसेल, तर प्रोग्रॅम सुरूच होत नाही. तिसरा ‘अपडेट’, म्हणजे जे कमी आहे ते जोड. चौथा ‘क्रिएट’, म्हणजे असलेले तक्ते मोडून नवे कर. पाचवा ‘क्रिएट-ड्रॉप’, म्हणजे सुरू होताना नवे कर आणि काम संपल्यावर तेही मोड.

चौथ्या ठावाकडे जरा थांबून पाहू. ‘क्रिएट’ या शब्दाचा अर्थ निर्माण कर. मोडण्याची भाषा त्यात कोठेच नाही. पण हायबरनेटच्या या कळीवर तो शब्द लिहिला की निर्मितीपूर्वी संहार होतो. याउलट २०१३ साली त्या सामाईक नियमग्रंथाची नवी आवृत्ती निघाली आणि तिच्यात अशीच एक प्रमाणित कळ आली. तेथे ‘क्रिएट’ म्हणजे केवळ निर्माण करणे. आधी मोडावयाचे असेल तर ‘ड्रॉप-अँड-क्रिएट’ असे स्पष्ट लिहावे लागते. म्हणजे एकाच साधनाला दोन कळी लावता येतात, दोहींवर एकच शब्द लिहिता येतो, आणि अर्थांत मात्र जमीन-अस्मानाचे अंतर! वाचनालयाचे दहा हजार सभासद या अंतरात बसलेले असतात. शिवाय स्प्रिंग बूट नावाच्या लोकप्रिय चौकटीत कळ कोणी हातात घेतलीच नाही तर ती डेटाबेस पाहून स्वतः ठाव निवडते. प्रोग्रॅमच्या पोटातच राहणारा छोटा डेटाबेस असला, आणि आराखड्याची देखरेख करणारे दुसरे साधन बसविलेले नसले, तर ‘क्रिएट-ड्रॉप’. बाहेरचा मोठा डेटाबेस असला तर ‘नन’. हा निर्णय शहाणपणाचा आहे हे मान्य. तरी तो निर्णय आपण घेतलेला नाही, एवढे वापरणाऱ्याला ठाऊक असावे.

मोडणारे ठाव भयंकर आहेत, पण ते उघड भयंकर आहेत. पाने फाटली की लगेच दिसते. खरा मोह आहे तो ‘अपडेट’चा, कारण तो सोज्वळ दिसतो. तो काही मोडीत नाही, फक्त जोडतो. सुरुवातीचे काही महिने सारे सुरळीत चालते. मग एके दिवशी कोणाला वाटते की क्लासमधील ‘दूरध्वनी’ हे नाव बरोबर नाही, ‘भ्रमणध्वनी’ असावे. तो नाव बदलतो. माणसाच्या दृष्टीने हे नामांतर झाले. साधनाच्या दृष्टीने काय झाले? क्लासमध्ये ‘भ्रमणध्वनी’ आहे, तक्त्यात तो नाही. म्हणून ते एक नवा, कोरा रकाना जोडते. तक्त्यात ‘दूरध्वनी’ आहे, क्लासमध्ये तो नाही. त्याकडे ते पाहतही नाही. सर्व सभासदांचे क्रमांक जुन्या रकान्यात सुरक्षित आहेत आणि प्रोग्रॅमला एकही दिसत नाही. काही हरवलेले नाही, आणि काही सापडतही नाही! नामांतर आणि ‘एक गेला, दुसरा आला’ यांतला फरक दोन चित्रे शेजारी ठेवून कळत नाही. तो फक्त बदलणाऱ्याच्या मनात असतो, आणि मनात वाचण्याची सोय कोणत्याही साधनात नाही.

दुसरी गोष्ट याहून चमत्कारिक आहे. समजा, नव्या रकान्यावर ‘हा रिकामा असू नये’ असे बंधन घातले. नव्या सभासदांच्या बाबतीत ते योग्यच. पण जुन्या दहा हजार ओळींत त्या रकान्यात काय लिहावयाचे, हे कोणी सांगितलेले नाही. अशी आज्ञा पोस्टग्रेस या डेटाबेसला गेली तर तो ती साफ नाकारतो. मायएसक्यूएल हा दुसरा प्रसिद्ध डेटाबेस अंकांच्या रकान्यात प्रत्येक जुन्या ओळीला शून्य लिहून मोकळा होतो. आता अनामतीच्या रकान्यात शून्य म्हणजे काय? ‘माहीत नाही’ की ‘अनामत घेतलेलीच नाही’? सभासद राजीनामा देऊन आपली अनामत परत मागावयास येईल त्या दिवशी या दोन अर्थांतला फरक पैशांत मोजावा लागेल. आणि पोस्टग्रेसने आज्ञा नाकारली म्हणजे सारे निभावले असेही नाही. हायबरनेट सामान्यतः अशी नाकारलेली आज्ञा आपल्या रोजनाम्यात एक इशारा म्हणून टिपते आणि पुढे चालू लागते. प्रोग्रॅम सुरू होतो, दिवा हिरवा दिसतो, आणि रकाना जागेवर नसतो. तो नाही हे कळते ते खिडकीशी रांग लागल्यावर.

तिसऱ्या गोष्टीत तर आराखडा मुळी बदलतच नाही. सभासदांचे तीन प्रकार आहेत असे धरा : सामान्य, विद्यार्थी, आजीव. जावाच्या नियमाप्रमाणे, वेगळे काही सांगितले नाही तर ही नावे तक्त्यात लिहिली जात नाहीत. यादीतील स्थान लिहिले जाते, आणि मोजणी शून्यापासून होते. सामान्य ०, विद्यार्थी १, आजीव २. पुढे बालविभाग निघतो, आणि कोणी टापटिपीचा माणूस ‘बाल’ हा प्रकार विद्यार्थ्यांच्या आधी, यादीत दुसऱ्या जागी घालतो. झाले! तक्त्यात एक अक्षर बदललेले नाही, आणि कालचे सर्व विद्यार्थी आज बालसभासद झाले, ज्यांनी एकरकमी पैसे भरून आजीव सभासदत्व घेतले ते विद्यार्थी झाले. ‘व्हॅलिडेट’ला विचारा, तो म्हणेल सर्व ठीक आहे. रकाना अंकांचा आहे, अंकच आहेत. स्थानाऐवजी नावच लिहावे अशी सूचना क्लासवर एका ओळीत देता येते. ती ओळ पहिल्याच दिवशी लिहावी असे आमचे मत आहे.

आता आपल्या भाषेशी संबंध असलेली एक गोष्ट. साधन जेव्हा अक्षरांचा रकाना स्वतः करते तेव्हा त्याची लांबी, कोणी न सांगितल्यास, २५५ अक्षरे धरते. नावाला २५५, पिनकोडला २५५, शेऱ्यालाही २५५. सभासदाच्या तक्रारीचा मजकूर याहून मोठा झाला की डेटाबेस तो घेत नाही. पण लांबीपेक्षा लिपीचा प्रश्न अधिक नाजूक आहे. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये अक्षरांच्या रकान्याच्या दोन जाती आहेत. एक जात सर्व लिप्या सांभाळते. दुसरी, वेगळी व्यवस्था केलेली नसेल तर, एखाद्याच लिपीपुरती असते. हायबरनेटला कोणी सांगितले नाही तर ते ही दुसरी जात निवडते. इंग्रजी नावांची चाचणी त्यात उत्तम पार पडते. मग ‘ज्ञानेश्वर’ असे नाव लिहिले जाते आणि परत वाचताना दहा प्रश्नचिन्हांची रांग येते. दहाच का, तर जोडाक्षरे आणि काना-मात्रा सुट्या मोजल्या तर त्या नावाची संगणकाच्या हिशेबी दहा चिन्हे होतात म्हणून. ही प्रश्नचिन्हे दिसण्यातली नव्हेत; साठ्यातच तशी लिहिली गेली आहेत, आणि मूळ नाव त्यांतून पुन्हा काढता येत नाही. मायएसक्यूएलमध्येही २०१८ सालच्या आठव्या आवृत्तीपर्यंत नव्या तक्त्याची गृहीत लिपी पश्चिम युरोपची होती. क्लासमध्ये ‘नाव : अक्षरे’ एवढेच लिहिलेले असते. ती अक्षरे कोणाची, हे क्लासला ठाऊक नसते.

येथे यंत्राची बाजूही सांगितली पाहिजे. ओरॅकलच्या डेटाबेसमध्ये हाताने रकाना करणारा माणूस ‘लांबी ३०’ असे लिहितो तेव्हा ती ३० सामान्यतः बाइटांची धरली जाते. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह हल्लीच्या प्रचलित पद्धतीत तीन बाइट घेते. म्हणजे ‘ज्ञानेश्वर’ लिहून झाले की रकाना काठोकाठ भरला. आडनावाला जागा उरली नाही! हायबरनेट ओरॅकलसाठी रकाना करते तेव्हा लांबी बाइटांत न देता चिन्हांत देते. या बाबतीत ते पुष्कळ माणसांपेक्षा जागरूक आहे. तेव्हा यंत्र चुकते आणि माणूस चुकत नाही असा आमचा सिद्धान्त नाही. माणसाने लिहिलेला आराखडा कोणालाही वाचावयास मिळतो, त्यावर दुसरा माणूस बोट ठेवू शकतो. सुरू होण्याच्या क्षणी यंत्राने परस्पर केलेला आराखडा वाचावयास कोणी हजरच नसते. आमचा आक्षेप एवढ्यावरच आहे.

मग करावयाचे काय? याचे उत्तर जमाखर्चाच्या जुन्या रिवाजात आहे आणि संगणकवाल्यांनीही ते आपल्या परीने शोधून काढले. कीर्दीत खाडाखोड करीत नाहीत. चूक झाली तर दुरुस्तीची नवी नोंद करतात. त्याचप्रमाणे आराखड्यातला प्रत्येक बदल एका स्वतंत्र, क्रमांक दिलेल्या फाइलमध्ये लिहावयाचा. पहिल्या फाइलने सभासदांचा तक्ता झाला, दुसरीने देवघेवीचा, सातवीने दूरध्वनीच्या रकान्याचे नाव बदलले. कोणत्या डेटाबेसवर कोणत्या क्रमांकापर्यंत फाइली चालल्या, हे त्या डेटाबेसमध्येच एका तक्त्यात टिपलेले असते. या पद्धतीला मायग्रेशन म्हणतात. रुबीच्या रेल्सने २००५ च्या सुमारास ती प्रोग्रॅमरांच्या रोजच्या सवयीची केली. जावाच्या जगात लिक्विबेस २००६ साली आणि फ्लायवे २०१० साली याच कामासाठी निघाले. फ्लायवेची एक खोड आम्हांस विशेष आवडते. चालवून झालेल्या प्रत्येक फाइलची बेरजेसारखी एक खूण ते टिपून ठेवते, आणि ती जुनी फाइल कोणी मागाहून गुपचूप दुरुस्त केली तर पुढच्या खेपेस काम अडवून धरते. पेढीवरचा एखादा जुना मुनीम याहून निराळे काय करीत असे?

आता कोणी म्हणेल, क्लासवरून आराखडा आपोआप होत असताना तोच पुन्हा हाताने लिहिणे म्हणजे दुप्पट मेहनत. आक्षेप रास्त आहे, आणि त्याला मधला मार्ग आहे. २०१३ च्या त्याच नियमग्रंथाने अशी सोय करून दिली आहे की साधनाने डेटाबेसला हात न लावता आपल्या आज्ञा एका फाइलमध्ये लिहून द्याव्यात. हा झाला कच्चा खर्डा. माणसाने तो वाचावा, लांबी आणि जाती दुरुस्त कराव्यात, सूची जोडावी, मगच त्याला क्रमांक द्यावा. सूची जोडण्याचे मुद्दाम म्हणतो, कारण देवघेवीच्या तक्त्यातील सभासद-क्रमांकावर मायएसक्यूएलचा आजचा नेहमीचा साठा आपण होऊन सूची करतो आणि पोस्टग्रेस करीत नाही. सूची नसली की ‘या सभासदाकडे कोणती पुस्तके आहेत’ एवढ्यासाठी सबंध तक्ता वरपासून खालपर्यंत चाळावा लागतो. शंभर ओळींत हे जाणवत नाही, लाखांत जाणवते.

पायथनमधील जँगोने या बाबतीत दाखविलेली समज तर आम्हांस आदर्शच वाटते. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या या चौकटीत प्रथम तक्ते करण्याची सोय होती, ते बदलण्याची नव्हती. २०१४ च्या सप्टेंबरात आलेल्या १.७ या आवृत्तीपासून मायग्रेशन तिच्या अंगचे झाले. क्लासमधील ‘दूरध्वनी’ जाऊन ‘भ्रमणध्वनी’ आला असे दिसले की हे साधन अंदाज करून मोकळे होत नाही. ते समोर बसलेल्या माणसाला विचारते : आपण याचे नाव बदलले काय, होय की नाही? रिकामा न ठेवता येणारा नवा रकाना जोडावयाचा असेल तर ते विचारते : जुन्या ओळींत काय लिहू? मनातले यंत्राला कळत नाही हे आपण मघा पाहिले. ज्याला कळत नाही त्याने विचारावे, हे या साधनाच्या कर्त्यांना सुचले. उत्तराप्रमाणे फाइल तयार होते, आणि ती चालविण्यापूर्वी वाचता येते.

तथापि फाइल लिहून झाली म्हणजे काम संपले असे नव्हे. मायएसक्यूएल किंवा ओरॅकलमध्ये आराखडा बदलणारी आज्ञा चालली की ती तेथल्या तेथे पक्की होते. पाच आज्ञांपैकी तिसरी अडली तर पहिल्या दोन मागे घेता येत नाहीत. पोस्टग्रेसमध्ये बहुतेक अशा आज्ञा एकत्र बांधून सगळ्या किंवा एकही नाही, असे करता येते. दुसरे, वाचनालय बंद ठेवून बदल करता येत असेल तर उत्तम. पण रात्रंदिवस चालणाऱ्या कामात जुना प्रोग्रॅम आणि नवा प्रोग्रॅम काही काळ एकाच तक्त्यावर काम करीत असतात. अशा वेळी साधे नामांतरही एका दमात करीत नाहीत. आधी नवा रकाना जोडतात. मग काही दिवस दोन्ही रकान्यांत लिहितात. दरम्यान जुन्या ओळींतील मजकूर थोडाथोडा नव्यात उतरवून घेतात. सर्व वाचन नव्यावरून होऊ लागले, जुन्याकडे कोणीच पाहत नाही अशी खात्री झाली, की जुना काढतात. एका शब्दाच्या बदलासाठी चार टप्पे! घरात राहतेवेळीच घराचा वासा बदलावयाचा तर आधी टेकू द्यावा लागतो, तशातला प्रकार.

आणखी एक खबरदारी आहे. तिला खर्च नाही आणि तरीही ती पुष्कळदा राहून जाते. डेटाबेसमध्ये कोणाला काय करता यावे हे ठरविता येते. रोजचे काम करणाऱ्या प्रोग्रॅमला नोंदी वाचणे, लिहिणे, बदलणे, काढणे एवढेच अधिकार असावेत. तक्ते करण्याचा आणि मोडण्याचा अधिकार वेगळ्या खात्याला द्यावा, आणि ते खाते मायग्रेशन चालविण्यापुरतेच उघडावे. मग कळ चुकून ‘क्रिएट’वर राहिली तरी डेटाबेस म्हणेल, हा अधिकार आपणांस नाही. हायबरनेटच्या कळीवर विसंबण्यापेक्षा डेटाबेसच्या कुलपावर विसंबणे आम्हांस अधिक भरवशाचे वाटते.

याचा अर्थ आपोआप तक्ते करण्याची सोय टाकाऊ आहे, असा कोणी करू नये. चाचणीसाठी क्षणभर उभा करून मोडावयाचा डेटाबेस, वर्गात शिकविताना फळ्यावर काढावे तसे नमुने, किंवा अजून एकही खरा सभासद नसलेली नवी योजना, येथे ती सोय मोलाची आहे. तेथे पाने कोरी असतात. फाटली तरी कोणाचे काही जात नाही. हायबरनेटच्या स्वतःच्या मार्गदर्शिकेतही चाचणी आणि प्राथमिक नमुने यांसाठी ही सोय उपयुक्त असल्याचे म्हटले आहे आणि प्रत्यक्ष कामासाठी क्रमाक्रमाने चालणाऱ्या मायग्रेशन फाइलींची शिफारस आहे. पहिल्या खऱ्या सभासदाचे नाव लिहिले गेले की कळीचा ठाव बदलावयाचा. हा दिवस नेमका कोणता, ते चालकांनी आणि प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी मिळून आधीच ठरवून ठेवावे. कामाच्या गर्दीत तो केव्हा येऊन गेला ते कळत नाही.

शेवटी, ज्या संस्थेचे काम आज कित्येक वर्षे ‘अपडेट’वर चालले आहे तिने काय करावे? सर्व नव्याने करण्याची जरूर नाही. प्रथम पूर्ण साठ्याची एक प्रत काढावी, आणि ती दुसऱ्या यंत्रावर खरोखर उघडते हे पाहावे. मग डेटाबेसकडूनच आहे तो आराखडा लिहून घ्यावा. त्याला पहिली फाइल समजावे. फ्लायवेमध्ये ‘येथून पुढे मोजावे’ अशी खूण करण्याची सोय आहे. कळ ‘व्हॅलिडेट’वर आणावी, अधिकार वाटून द्यावेत. त्यानंतर तो आराखडा एखाद्या दुपारी जुन्या कारकुनाला बरोबर घेऊन सावकाश वाचावा. त्यात ‘दूरध्वनी’ आणि ‘भ्रमणध्वनी’ असे दोन रकाने शेजारी उभे सापडतील, कोठे एकाच तक्त्याच्या दोन नावांच्या दोन आवृत्त्या सापडतील, एखाद्या रकान्याचा उपयोग कोणालाच सांगता येणार नाही. जुन्या रकान्यातील क्रमांक नव्यात उतरविण्याची फाइल हे पहिले काम. जुना रकाना काढण्याची फाइल मात्र वर्षअखेरची मोजदाद होऊन सभासदांच्या अनामती ताळ्यात आल्यावरच चालवावी.